मी बदललेलं एक वाक्य

आमच्या सोसायटीत मला ‘आफ्रिकावाले’ म्हणतात. तिशीच्या आत असताना मी चार वर्षं टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर नोकरी केली. कोकणातल्या कारखान्यांसाठी कच्च्या काजूबिया घेणारा एक व्यापारी होता, त्याच्याकडे नमुना तपासायचं काम. पोत्यातून मूठभर बिया काढायच्या, कापायच्या, गर किती भरलाय आणि किती काळा पडलाय ते बघायचं, आणि तोंड वाकडं करायचं. माल चांगला असला तरी तोंड वाकडं करायचं, कारण त्यावर भाव पडायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या चार वर्षांवर मी पुढे पंचवीस वर्षं मान मिळवला. मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार-पाच सोसायट्या मिळून दर हिवाळ्यात पाच दिवसांची व्याख्यानमाला भरवतात. तिथे ‘मी पाहिलेली आफ्रिका’ हे व्याख्यान मी सहा वेळा दिलंय. शेवटी पडद्यावर हसणाऱ्या मुलांचा फोटो यायचा आणि मी म्हणायचो, यांच्या गरजा थोड्या म्हणून आनंद मोठा. टाळ्या पडायच्या. त्या मुलांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहायला आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई, त्याच किनाऱ्यावरची, इथे एका संस्थेत पीएचडी करत होती. शेतमालावर देशातच प्रक्रिया केली तर गावाचं काय होतं, असा तिचा विषय. भाडेकरू म्हणून घ्यावं की नाही, यावर कमिटी अडून बसली होती. सेक्रेटरी मला म्हणाले, तुमच्याच तिकडची आहे, तुम्ही सांगाल तसं. मी हो म्हटलं. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ते महिनाभर टिकलं. ती संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायला लागली. माझी बायको शाळेत इंग्रजी शिकवते, त्या दोघींचं पटकन जमलं. माशाच्या आमटीत नारळ घालावा की नाही इथपासून त्यांच्याकडची पोरं शहरात का पळतात, वीज का जाते, निवडून आलेले लोक काय करतात, सगळं बोलणं व्हायचं. स्वतःच्या सरकारला ती आमच्यापेक्षा जास्त शिव्या द्यायची. पण पुढचं बोलायला लागली की तिला थांबवता यायचं नाही. गावी परत जाऊन काजूचा कारखाना कुठे काढणार, पाणी कुठून आणणार, बंदरापर्यंतचा रस्ता कुणाच्या शेतातून जाईल, सगळं ठरलेलं. पाच वर्षांनी कुठे असशील असं मी माझ्या मुलाला विचारलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, बघू ना. आणि बायकोने जे प्रश्न मला पंचवीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते, ते ती तिला विचारत होती.

एकदा मी मध्येच सांगायला गेलो की आफ्रिकेत माणसं उद्याचा विचार करत नाहीत.

“आफ्रिकेत कुठे, अंकल?” तिने विचारलं. “चेंबूरबद्दल बोलताना तुम्ही आशियात असं असतं म्हणता का?”

बायको इतकी हसली की तिच्या बशीत चहा सांडला. मीही हसलो. मनात मात्र ते दोन दिवस टोचत राहिलं.

मग व्याख्यानमालेच्या मंडळाने त्या वर्षी माझ्याऐवजी तिला बोलावलं. मला सांगितलं, ती इंग्रजीत बोलेल, तुम्ही मराठीत सांगा. मी आनंदाने हो म्हटलं असं सगळ्यांना वाटलं.

ती सुंदर बोलली. सुरुवातीलाच म्हणाली की आमच्याकडे एका सभेला इतके पांढरे केस जमवायचे तर तीन गावं फिरावी लागतील. हॉल हसला. मी सांगायच्या आधीच अर्धे लोक हसले होते, त्यांना माझी गरज नव्हती. पुढे ती तिच्या आजोबांच्या अंगणाबद्दल बोलली. बाहेरचे व्यापारी यायचे, बी कापून तोंड वाकडं करायचे, आजोबा मान खाली घालून भाव ऐकायचे. माझ्याकडे बघून नाही बोलली. मी तिथे काय काम करायचो हे तिला ठाऊकच नव्हतं. मी ते भाषांतर केलं.

शेवटी ती थांबली आणि सावकाश म्हणाली, “आमच्या बियांबरोबर आमच्या बायकांच्या हातचं काम तुमच्या बायकांकडे गेलं. ते आम्ही परत नेणार आहोत.”

मी माईक तोंडाजवळ नेला आणि म्हणालो, “काजू फोडायचं काम तुमच्या बायकांना छान येतं. ते आम्हाला तुमच्याकडून शिकायचं आहे.”

प्रचंड टाळ्या. एक निवृत्त गृहस्थ उभे राहून म्हणाले, जरूर शिकवू. तिला शाल दिली, नारळ दिला. माझी बायको तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर चपला काढता काढता बायको म्हणाली, “ती परत नेणार म्हणाली. तू शिकायचंय म्हणालास.”

मी म्हटलं, भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतं.

“तुझं इंग्रजी एवढं वाईट नाहीये रे.”

एवढंच बोलून ती आत गेली. मला झोप आली नाही. सकाळी मी खालच्या मजल्यावर त्या मुलीकडे गेलो आणि दारातच सांगून टाकलं, आधी वाक्याचं, मग बिया कापायच्या नोकरीचं. तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, वाक्याचं कालच कळलं होतं.

“त्यावर टाळ्या यायला नको होत्या. लोक गप्प बसतील असं वाटलं होतं मला.”

मी काय सांगितलं होतं ते तिने विचारून घेतलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मी सारवासारव करायला माझ्या आत्याचं सांगितलं. आत्या वेंगुर्ल्याला काजू फोडायची, टरफलाच्या तेलाने तिची बोटं काळी पडून सोलवटलेली असायची, तिच्यासारख्यांच्या पोटावर तर नाही ना येणार हे.

“कारखान्यात आत्याला हातमोजे द्यायचे का?” तिने विचारलं.

नाही म्हटलं.

“माझ्या कारखान्यात असतील,” ती म्हणाली. “तुमच्या आत्याविरुद्ध नव्हते बोलत मी.” मग तिने एकच मागितलं, ते वाक्य जसं होतं तसं त्याच लोकांना सांगा.

शेवटच्या दिवशी आभारप्रदर्शन दरवर्षी माझ्याकडे असतं. कागद हातात घेऊन उभा राहिलो. मी म्हणालो, परवा भाषांतरात मी पाहुण्या बाईंचं एक वाक्य बदललं. चुकून नाही, मुद्दाम. मला त्यांचा हेवा वाटत होता. मग तिचं वाक्य मराठीत सांगितलं, सावकाश, तिच्यासारखं थांबून.

हॉल गप्प झाला. ते निवृत्त गृहस्थ आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या सहा व्याख्यानांत असं कधी झालं नव्हतं.

ती तिसऱ्या रांगेत बायकोच्या शेजारी बसली होती. तिला मराठी येत नाही, पण ती मान ताठ करून ती शांतता ऐकत होती. ती शांतता तिची होती. माईक माझ्या हातात होता, तरी तिचीच होती, आणि तिथे उभ्या उभ्या मला त्याचाही हेवा वाटला. मग मी कागदात बघून मांडववाल्यांचे आणि चहावाल्यांचे आभार मानले.