तीनदा ऐकणाऱ्या नीलाताई

"मुलगी खोटं बोलत नाही, पण खरंही बोलत नाही. मी लक्ष ठेवून आहे बाप्पा."

धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन मी जिन्यात थांबले. खाली स्वयंपाकघरात नीलाताई साउथहॅम्प्टनला असलेल्या आपल्या लेकीशी फोनवर बोलत होत्या. ती मुलगी म्हणजे मी, हे कळायला फार विचार करावा लागला नाही. रीडिंग या इंग्लंडमधल्या गावातल्या त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी आवाज न करता परत वर गेले आणि थोड्या वेळाने मुद्दाम पाय वाजवत खाली आले. भाजी कशी झाली होती, असं त्यांनी विचारलं. मी छान म्हणाले. सुपरमार्केटमध्ये 'ताजी' असं लेबल लावलेल्या मेथीकडे त्या जशा बघत, तशाच त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मूळच्या नागपूरच्या, साठीला टेकलेल्या, एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर काम करणाऱ्या नीलाताईंचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. आपण वेगवेगळा करून ठेवलेला कचरा कौन्सिल पुढे एकत्रच करते, अशी त्यांची खात्री होती, आणि बिनची गाडी आली की त्या पडद्याआडून पाळत ठेवत. हवामानाच्या अंदाजावर त्यांचा विश्वास नव्हता. सर्वांत कमी विश्वास कौतुकावर. "कौतुक फुकट असतं," त्या म्हणायच्या, "म्हणून भेसळ तिथेच जास्त."

माझाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. शनिवारी दुपारी खालून कोणीतरी घसा खरवडून ओरडल्याचे आवाज येत. बेल्जियमहून लहानशी जाड पाकिटं येत आणि ती मला दिसायच्या आत उचलली जात. एकदा दारात एक उंच गोरा माणूस उभा होता. काळ्या टी-शर्टवर कवटी, दंडावर गोंदलेला साप. त्याने न सांगता बूट काढले, आत जाऊन चहा घेतला, नीलाताईंच्या हातात एक पुडकं ठेवलं आणि वाकून निरोप घेऊन गेला. मी खोलीला आतून कडी लावून बसले. पुण्याहून आईने फोनवर विचारलं, बाई कशी आहे? मी म्हटलं, छान आहे.

शेवटी एका शनिवारी राहवलं नाही आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने मी खाली उतरले. नीलाताई पोळ्या लाटत होत्या. खिडकीत एक जुना टेपडेक होता आणि त्यातून ते ओरडणं, त्याच्या मागे गिटारचा गडगडाट. पोळपाटावरचं लाटणं बरोबर तालात फिरत होतं. मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. "बस," त्या म्हणाल्या, "ऐक. मत देऊ नको."

त्यांच्या यजमानांच्या नोकरीमुळे ते कुटुंब काही वर्षं बेल्जियममध्ये, गेंटला होतं. शेजारच्या गॅरेजमध्ये तीन-चार मुलं रोज संध्याकाळी धिंगाणा घालायची. नीलाताईंना तिथली भाषा येत नव्हती. बाजारहाट जमावा म्हणून यजमानांनी त्यांच्यासाठी एक कॅसेट भरून ठेवली होती. आधी डच वाक्य, मग त्याचं मराठी. मला अर्धा किलो बटाटे द्या. हे ताजं आहे का? आणि शेवटी खास शेजाऱ्यांसाठी, कृपया आवाज कमी करा. ते वाक्य घोकून नीलाताई तक्रार करायला गेल्या. मुलं काहीतरी बोलली, ते त्यांना समजलं नाही. त्यांनी एक खुर्ची आणून ठेवली. "आता खुर्ची दिल्यावर उभं राहून कसं भांडणार?" त्या बसल्या. त्या संध्याकाळी परत आल्या तेव्हा कुकरमधल्या डाळीचा कोळसा झाला होता.

रीडिंगला आल्यावरही ते सुटलं नाही. कुठल्याही दुकानात मिळत नाहीत, ज्यांच्या कार्यक्रमाला पन्नास माणसं आली तरी गर्दी म्हणतात, असे बेल्जियममधले हेवी मेटल बँड त्या शोधून काढत आणि त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहून एका साध्याशा वेबसाइटवर टाकत. शोधायची त्यांची पद्धत सोपी होती. कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात आभार मानलेले असतात. पहिली नावं आईबापांची आणि बिअर देणाऱ्यांची, ती सोडून द्यायची. शेवटी, जागा उरली म्हणून घातलेली नावं बघायची. तालमीची खोली वाटून घेणारे, गिटारचा अँप्लिफायर उसना देणारे. "पुढचा बँड तिथे लपलेला असतो," त्या सांगायच्या. कवटीवाला माणूस असाच सापडला होता. तो ब्रसेल्सजवळ लहान मुलांच्या शाळेत शिकवायचा.

ऐकायची पद्धत मात्र कडक होती. इंटरनेटवर काही ऐकायचं नाही, बँडने स्वतःबद्दल लिहिलेलं वाचायचं नाही, फक्त टेप. "फाइल कोणीही चमकवून पाठवतं. टेप पाठवायला पोस्टात उभं राहावं लागतं. तेवढा तरी खरेपणा." पहिल्यांदा ऐकायचं ते काम करताना. दुसऱ्यांदा खुर्चीत, डोळे मिटून. तिसऱ्यांदा ऐकून झालं की लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं आणि समोरच्याला एकच प्रश्न विचारायचा, ह्यात काही खोटं आहे का? पूर्वी समोर यजमान असायचे. ते गेल्यावर लेक फोनवर ऐकायची, पण ती बाळाला झोपवता झोपवता हो हो म्हणते असा त्यांना संशय होता. आता ते काम माझ्याकडे आलं.

मी दर वेळी सांगत असे, छान आहे.

"छान हा शब्द माझ्या घरात वरणालाही चालत नाही," त्या म्हणाल्या. "नाव ऋजुता, आणि बोलणं गुळमुळीत. काहून घाबरून राहिली तू?"

मी घाबरतच होते. शाळेपासून मी असं धरून चालले आहे की आपण बोललेलं इंग्रजी पुरेसं चांगलं नसतं आणि मराठी तर त्याहून नसतं, तेव्हा कमी बोलावं. शिवाय नीलाताई लिहायच्या चांगलं. ते सगळे बँड त्यांना संथ आणि जड वाटत. चिखलातून रणगाडा यावा तसा, भरल्या पोटी हत्ती चालावा तसा. मेटलवाल्यांना जड म्हणणं म्हणजे वरमाईला नवऱ्या मुलाची बहीण समजण्यासारखं. कोणी कधी तक्रार केली नाही.

यजमानांची कॅसेट त्या कधीतरी रविवारी लावत. मला अर्धा किलो बटाटे द्या. हे ताजं आहे का? सावकाश, थोडा खर्जातला आवाज. "ऐक कसा निवांत बोलून राहिला," त्या म्हणायच्या. "आयुष्यभर घाई. जेवायची घाई, निघायची घाई, माझं वाक्य संपायच्या आत याचं उत्तर. आणि टेपवर साहेब शांत. म्हणजे याला निवांत बोलता येत होतं. फक्त माझ्याशी बोलला नाही." हसत म्हणायच्या, पण हा संशय त्यांनी नवऱ्याच्या मागेही जपून ठेवला होता, हे कळत होतं.

मग कनालवाख्टर या बँडची टेप आली. नावाचा अर्थ कालव्याचा राखणदार. तीन मुलगे, ड्रमवर एक मुलगी, पहिलीच टेप. दोनदा ऐकून नीलाताईंनी परीक्षणाचा कच्चा मजकूर लिहिला आणि मला थोडा ऐकवला. गिटार उत्तम, गाणं उत्तम, पण ती मुलगी ओली रजई ओढावी तशी वाजवते. पळायला हवं तिथे चालते. या बँडने दुसरा ड्रमर शोधावा. तिकडे उन्हाळ्यात एका शेतावर छोटा महोत्सव भरायचा, आणि कोणत्या नव्या पोरांना बोलवायचं हे भरवणारे लोक नीलाताईंना विचारत. रविवारी तिसऱ्यांदा ऐकून त्या हे छापणार होत्या. छापलं की त्या मुलीचं काय होणार, ते मला दिसत होतं.

शुक्रवारी लंडनहून ट्रेनमध्ये परतताना मी फोनवर कनालवाख्टरचं टेपवरचंच एक गाणं शोधून ऐकलं. नीलाताईंना चाललं नसतं. ती मुलगी धावत होती. सूरही वेगळा होता. लहानपणी मी गाणं शिकले, दहावीच्या नादात सोडलं, पण पट्टी अजून कळते. घरी हे गाणं काळी एकला होतं. इथे ते पांढरी तीनला, म्हणजे चांगलंच वर होतं. आधी मला फोनचा संशय आला, मग स्वतःच्या कानाचा. शनिवारी नीलाताई दुकानात गेल्या असताना मी हेडफोन लावून आणखी दोन-तीन टेपा फोनवरच्या गाण्यांशी ताडून बघितल्या. घरी सगळ्याच टेपांचा सूर उतरलेला होता. रणगाडा चिखलात नव्हता. हत्तीचं पोट रिकामं होतं.

शेवटी मी यजमानांची कॅसेट हातात घेतली आणि न लावताच परत ठेवली. ती तपासायची गरज नव्हती.

रविवारी नाश्त्यापर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. सांगितलं तर या बाईंची इतक्या वर्षांची परीक्षणं आणि त्यांचा कान, दोन्ही मी खोटे पाडणार. नाही सांगितलं तर ती मुलगी बँडमधून जाणार.

पुढचं आधीच सांगून टाकते. डेकचा आतला रबरी पट्टा सैल झाला होता. कवटीवाल्याने नवा पाठवला. नीलाताईंनी खोकी उघडून सगळ्या टेपा पुन्हा ऐकल्या आणि साइटवर सगळ्यात वर एक ओळ लिहिली, इतकी वर्षं मी तुम्हाला हळू ऐकलं, क्षमा करा. त्यावर एका बँडने कळवलं, तुम्ही आम्हाला संथ म्हणालात ते इतकं आवडलं की तेव्हापासून आम्ही संथच वाजवतो. "म्हणजे तेवढं एक तरी खरं निघालं," नीलाताई म्हणाल्या. कनालवाख्टर उन्हाळ्यात त्या शेतावर वाजवून आले. आणि नव्या पट्ट्यावर यजमानांची कॅसेट लागली, तेव्हा बटाटे, ताजं आहे का, आवाज कमी करा, सगळं एका दमात, धाप लागल्यासारखं बाहेर पडलं. नीलाताई हसत सुटल्या, मग चष्मा काढून बसल्या. "हा माझा माणूस," त्या म्हणाल्या. "टेपवरही घाईच." पुढे मला केंब्रिजला नोकरी लागली आणि मी ते घर सोडलं. निघताना त्यांनी डब्यात मेथीचे पराठे दिले आणि खाऊन खरं काय ते कळवायला बजावलं. मी कळवलं, मीठ जास्त होतं.

पण त्या रविवारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. तिसरं ऐकणं संपलं होतं. नीलाताईंनी ओल्या रजईचं वाक्य दोनदा वाचलं, कारण ते त्यांना आवडलं होतं. मग लॅपटॉप थोडा बाजूला सारून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सवयीने विचारलं, ह्यात काही खोटं आहे का? माझं 'छान आहे' त्यांनी आधीच धरलं असावं, कारण हात पुन्हा लॅपटॉपकडे निघाला होता.

"आहे," मी म्हणाले. "ती मुलगी हळू वाजवत नाही, नीलाताई. तुमचा डेक हळू चालतो."