रस्त्यामधली जाळी

आमच्या बाजारातला रस्ता एकेरी होता तोवर तो विचार करायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. लग्न होऊन बीडला आले त्या दिवसापासून तो तसाच होता. चौकातून गाड्या शिरायच्या आणि स्टँडच्या अंगाला बाहेर पडायच्या. कुणी उलटा शिरलाच तर माझे सासरे दुकानातल्या गादीवरूनच ओरडायचे, "ओ, वन-वे हाय! डोळे घरी ठिवून आलाव का?" तरी लोक शिरायचेच, आणि सासरे रोज नव्या दमाने ओरडायचे. त्यात त्यांना मजा येत असावी.

सासऱ्यांना सगळा बाजार आप्पा म्हणतो, म्हणून मीही आप्पाच म्हणते. आमचं दुकान बटनं, दोरे, चेन, अस्तर, फॉल असल्या शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं. माझा नवरा शाळेत शिकवतो आणि त्याला मरून आणि राणी रंगातला फरक आजतागायत कळलेला नाही, त्यामुळे काउंटर माझ्याकडे आला. आमच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, फोटो फ्रेमचं दुकान. ते चालवायचे ते काका म्हणजे आप्पांचे जुने दोस्त. आमच्या देव्हाऱ्यात महादेवाची पिंड, त्यांच्या घरी बुद्धमूर्ती. सणवार वेगळे, नातीगोती वेगळी. सकाळ मात्र दोघांची मिळून एकच असायची.

ती कशी, ते सांगते. बाजारात बोहनीला फार मानतात. पहिलंच गिऱ्हाईक काही न घेता परत गेलं तर दुकानदार दिवसभर तोंड पाडून बसतो. या दोघांनी त्यावर तोड काढली होती. शटर उघडून उदबत्ती लावली की आप्पा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि एखादा हूक नाहीतर दोन-चार खिळे विकत घ्यायचे. मग काका त्यांच्याबरोबर इकडे यायचे आणि एखादं बटन घ्यायचे. ते बटन कुठल्या सदऱ्याला लागणार, याचा दोघांनाही पत्ता नसायचा. झाली दोघांची बोहनी! मग आमच्या पायरीवर चहा. "काय काचवाले, आज लई महागाचं बटन घेतलंव," असं आप्पा म्हणायचे, आणि काका म्हणायचे, "बटनवाले, तुमच्या घरात भिंती किती अन् हूक किती, मोजा एकदा." खरंच होतं ते. आमच्या घरी पातेलं सापडणार नाही, पण हूक कुठेही हात घाला, निघतो.

मग धंदा बसत गेला. का बसला हे मला काउंटरमागून स्पष्ट दिसत होतं. मुली यायच्या, लेस हातात घ्यायच्या, मोबाईलवर तिचा फोटो काढायच्या आणि "बघते काकू" म्हणून निघून जायच्या. तीच लेस त्यांच्या घरी खोक्यातून पोचायची. मी हे दहादा बोलले. पण बायकांनी दुकान चालवलं तर चालतं, बाजाराबद्दल मत दिलं की लोकांना ऐकू येईनासं होतं. व्यापाऱ्यांचं ठरलं की खोट रस्त्याची आहे. गेवराईकडून, तलवाड्याकडून येणारं गिऱ्हाईक स्टँडवर उतरतं, रिक्षात बसतं, आणि वन-वेमुळे रिक्षाला आपल्या रस्त्यात शिरता येत नाही, ती वळसा घेऊन त्याला दुसऱ्याच बाजारात सोडते. रस्ता दुहेरी करा, गिऱ्हाईक दोन्हीकडून येईल. हिशेब इतका सोपा होता की कुणाला त्यात शंकाच आली नाही.

आप्पा वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून नगरपालिकेला द्यायच्या निवेदनावर पहिली सही त्यांची. एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना कुणी मान दिला की ते पेटतात. दुखरे गुडघे घेऊन ते दुकानोदुकानी सह्या गोळा करत फिरले. काका तेवढे नको म्हणत होते.

"आपलं चाललंय की बरं. कावून उगं उकरून काढायलाव?" काकांनी विचारलं.

"तुमाला न्हाई कळायचं. गिऱ्हाईक डबल होतंय बघा," आप्पा म्हणाले.

"तुमी म्हनता म्हनून करतो सही. मला त्यातलं लई कळत न्हाई," असं म्हणून काकांनी काच कापायचा हिरा खाली ठेवला, हात पुसले आणि सही केली. आप्पांना पुढे जे सोसवलं नाही ते हेच होतं. पण तेव्हा सगळे खुशीत होते.

मागणी मान्य झाली. पहिल्या दिवशी चौकात नारळ फोडला, पेढे वाटले, दुकानांपुढे रांगोळ्या घातल्या. त्या रांगोळ्यांवरून दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी गाड्या शिरल्या आणि मधोमध अशा अडकल्या की माणसाला पाय ठेवायला जागा उरली नाही. रस्ता होता तेवढाच होता, तो काही डबल झाला नव्हता. रोज भांडणं, रोज शिव्या. "मागं घे बे!" "तू घे की!" अपघात होतील म्हणून मधून दोरी लावली. दोरी तुटली. मग सिमेंटचे ठोकळे आले. ते ठोकळे ओलांडताना आप्पा एकदा पडले, कोपर फुटलं, आणि माझ्या नवऱ्याने त्यांना घरी शाळेतल्या पोरासारखं रागावून घेतलं. मग एका सकाळी ठोकळ्यांवर लोखंडी जाळी बसवायला माणसं आली. छातीइतकी उंच, चौकापासून थेट स्टँडच्या तोंडापर्यंत. मधे वाट ठेवा म्हणून मी स्वतः खाली उतरून सांगितलं. वाट ठेवली की रिक्षावाले तिथंच वळतात, असं उत्तर मिळालं.

पलीकडे जायचं तर आता चौकापर्यंत चालत जायचं, तिथून वळायचं आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच परत यायचं. मला ते काही फार नव्हतं. आप्पांचे गुडघे गेलेले, आणि काकांना दमा. काही दिवस काका आले. कुणाच्या ओट्यावर टेकत, कुणाच्या खुर्चीवर बसत. पोचले की त्यांना बोलताच येत नसे, नुसता हात वर करायचे. आप्पांनीच त्यांना येणं बंद करायला लावलं. मी म्हणाले, रोज सकाळी मी जाते, हूक घेऊन येते. आप्पा म्हणाले, "तू गेलीस तर ती तुझी बोहनी. आमची न्हाई."

मग ते फोनवर बोलायला लागले. दोघं आपापल्या गादीवर बसून एकमेकांकडे बघत फोनवर बोलायचे. मधून ट्रक, रिक्षा, टेंपो. हॉर्न आधी रस्त्यावरून ऐकू यायचा आणि पाठोपाठ फोनमधून. "काय म्हनलाव?" "काय न्हाई, र्‍हाऊ द्या." बहुतेक बोलणी अशीच संपायची. आधी मला हसू यायचं. मग मी त्या वेळी काहीतरी काम काढून आत जायला लागले.

गिऱ्हाईक वाढलं नाही. थांबायलाच जागा नव्हती तर वाढणार कुठून? आप्पांनी ते मनाला लावून घेतलं. मला घेऊन ते कचेरीत गेले, जाळीत एक वाट ठेवा म्हणायला. तिथले साहेब अदबीने बोलले. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "आप्पा, तुमच्याच मागणीवरून झालंय हे. पहिली सही तुमचीच हाय." आप्पांनी पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. परत येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "त्याला नको होतं. मी करायला लावलं." त्यानंतर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचा राग यायला लागला. म्हाताऱ्या माणसाला किती समजवायचं? आणि समजवायचं तरी काय, ते बरोबरच बोलत होते.

मग एका दुपारी ऊन असं होतं की बाजारात पायी कुणी दिसत नव्हतं, नुसत्या गाड्या चालू होत्या. मी एका बाईला ब्लाऊजपीसशी दोरा जुळवून देत होते. आप्पा सवयीने समोर बघत बसलेले. काका काच कापायला उभे होते, ते खाली बसले. बसले म्हणजे काउंटरच्या कडेने हळूहळू घसरत गेले. आप्पांनी फोन लावला. काकांचा फोन काउंटरवर वाजत होता, त्याचा दिवा आम्हाला इकडून दिसत होता. कुणी उचलेना. "काचवाले! ओ काचवाले!" आप्पा ओरडत पायरी उतरले आणि रस्त्यात घुसून जाळीला जाऊन भिडले. मी त्यांना तिथेच सोडून चौकाकडे पळाले.

पळताना मी दोनदा मागे बघितलं. आप्पा दोन्ही हातांनी जाळी धरून ती हलवत होते. जाळी पक्की बसवलेली, कामात कुणी कुचराई केलेली नव्हती. काकांच्या शेजारच्या दुकानदाराने त्यांना उचलून रिक्षात घातलं. ती रिक्षा आप्पांच्या समोरून गेली, हातभर अंतरावरून. काकांचे पाय रिक्षाबाहेर आलेले. आप्पांनी जाळीतून हात घातला, पण रिक्षा निघून गेली. "थांब रे, मला घे!" हे मला चौकापर्यंत ऐकू आलं. रिक्षावाल्याला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी तो त्यांना कुठून घेणार होता?

चौकात रिक्षा अडकली. दोन्ही बाजूंच्या गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या, म्हणून मी तिला गाठू शकले. काकांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीमागे बघितलं. "बटनवाले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आले, आले, मागूनच येतायत." ते बघत राहिले. पुढची गाडी सरकली आणि रिक्षा निघाली. दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले होते.

लवकर पोचले असते तर वाचले असते का, मला ठाऊक नाही. माझा नवरा म्हणतो, वन-वे असता तरी काही फरक पडला नसता. पडला नसेल. पण रस्ता मोकळा असता तर आप्पा त्यांच्या उशाशी असते, एवढं तर कुणीही सांगेल. चौकात माझ्या पाठीमागे बघणारे काकांचे ते डोळे मी आप्पांना अजून सांगितलेले नाहीत, आणि सांगणारही नाही.

काकांचं दुकान त्यांच्या मुलाने भाड्याने दिलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. आप्पा दुकानात येतात, बसतात, कुणी उलटं शिरलं तरी ओरडत नाहीत. मी कधी मुद्दाम म्हणते, "आप्पा, तो बघा कसा घुसला." ते नुसती मान हलवतात. त्यांना जेवायला उठवायला हवं, चहा प्या म्हणायला हवं. घरी बोलत नाहीत, नातवाशीही नाही. मला कधी कधी वाटतं की आपण यांना रोज इथे आणून बसवतो ही दया नव्हे, छळ आहे. घरी ठेवलं तर मात्र दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहतात. काय करावं ते मला कळत नाही.

परवा व्यापाऱ्यांची मंडळी आली. गाड्या लावायला जागा नाही, धूळ खाऊन माल खराब होतोय, धंदा होता तोही गेला. आता रस्ता पुन्हा एकेरी करा आणि जाळी काढा म्हणून निवेदन द्यायचं ठरलंय. पहिली सही आप्पांची हवी होती. त्यांनी कागद आप्पांच्या मांडीवर ठेवला, पेन उघडून हातात दिलं. तेच लोक, तोच मान, "तुमच्याबिगर कुनाचं ऐकनार, आप्पा?" हेच शब्द.

आप्पांनी कागद वाचला नाही. सही केली, पेन मिटून परत दिलं, आणि मग त्या मंडळींकडे वर बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "काढा की जाळी. पन मला आता पलीकडं कुनाकडं जायचंय?"