गोड्या पाण्याची गाडी

रेडिएटरचं झाकण उघडलं की मिस्त्री आत बोट बुडवायचा आणि जिभेला लावायचा. मग थुंकून गावाचं नाव सांगायचा. "जोह्याच्या विहिरीचं." गाडीवाला मान डोलवायचा. पोरं हसायची. पण चुकलेला मी पाहिला नाही.

पेणला एसटी स्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आधी कुवेतला मोठ्या लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा. तिकडं लढाई लागली तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी परत आला. हातात फक्त पान्ह्यांची पेटी. "लोकं सोनं आणतात, ह्यांनी लोखंड आणलं," असं त्याची बायको येईल त्याला सांगायची. तो म्हणायचा, "सोन्यानं नट खुलत नाय."

आमचा खारेपाट तुम्ही पाहिला असेल. जिकडं बघाल तिकडं खाडी नि भरतीच्या पाण्याची खाजणं, आणि प्यायला पाणी नाही. गोडं पाणी टँकरनं यायचं. पिंपात साठवायचं, तांब्यानं मोजून काढायचं. परदेशी गाडीलाही तेच लागायचं. खारं पाणी तिचं इंजिन आतून खातं. मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य होतं, "गाडी राजाची नि पाणी खाजणाचं. कशी जगल?"

मी रोह्याला एका कंपनीत साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. लांब, काळी, परदेशी गाडी. एकदा ती निडी गावाजवळ धूर काढून बसली. निरोप गेला, मिस्त्री एसटीनं आला. साहेब मागच्या सीटवरून ओरडत होते. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "साहेब, दोघं एकदम गरम होऊ नका. मला एकच पंखा दुरुस्त करता येतो." साहेब हसले नाहीत. मी मात्र तोंड फिरवून हसलो. तिथून आमची ओळख.

कंपनीनं नवी गाडी घेतली आणि मी रिटायर झालो तेव्हा जुनी मला देऊन टाकली. लोक म्हणाले, म्हातारा हत्ती पोसणार. खोटं नव्हतं. काच खाली गेली की वर येत नसे. स्टिअरिंगचं तेल गळायचं. एका वॉटर पंपाला माझ्या नोकरीतल्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे पडले, तोही मुंबईहून जुना मिळाला. पण बसायला अशी मऊ, की जोह्याचा एक मूर्तीवाला म्हणायचा, "ह्या गाडीत गणपती नेला तर सोंडेला तडा जायचा नाय." लग्नात नवरा-नवरी बसवून मी चार पैसे मिळवायचो.

मग माझी बायको आजारी पडली. पोटात गाठ. मुंबईला कॅन्सरचा शेक द्यायला न्यायचं, आठवड्यातून पाच दिवस. एसटीत तिला बसवत नव्हतं. आमच्या गाडीत मागं आडवी झोपायची. मिस्त्री रोज संध्याकाळी गाडी तपासायचा. हात पुसत म्हणायचा, "जावा. ही वहिनींना घेऊन येईल बरोबर."

तिसऱ्या आठवड्यात गाडी तापायला लागली. एकदा पनवेलला, एकदा वडखळला. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परत आलो. मिस्त्रीनं चव घेतली. गावाचं नाव घेतलं नाही. परत चव घेतली.

"पाणी कोण भरतो?"

"बायको. कायम तीच भरते. टँकरचं, पिंपातलं."

"ड्रायव्हर, हे विहिरीचंही नाय. ही भरतीची खाडी हाय."

"तुझी जीभ सडली," मी म्हणालो.

त्यानं झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी घरी आला. तिच्या खाटेजवळ बसला आणि मला साखर आणायला दुकानात पाठवलं. मी साखर घेऊन परत आलो. मिस्त्री चहा न पिताच उठला. अंगणात येऊन म्हणाला, "इंजिनचा हेड गेला. गाडी माझ्याकडंच राहू दे. पार्ट बाहेरून मागवायला लागल. महिना धर."

मी जीप ठरवली. गावच्या बांधापर्यंतच गेलो. बायको अशी ओरडली की जीपवाल्यानंच गाडी फिरवली. "आपली गाडी झाली की जाऊ," ती म्हणाली.

मी रोज पेणला जाऊन मिस्त्रीला शिव्या द्यायचो. गॅरेजात चार माणसं असायची. त्यांच्या देखत द्यायचो. तो खाली मान घालून दुसऱ्याची गाडी खोलत राहायचा. "होईल, ड्रायव्हर. होईल."

घरी ती ओटीवर बसून असायची. एक दिवस खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण मागितलं. दोन घास खाल्ले. शेजारणीला म्हणाली, "मीठ कमी गो तुझ्या हाताला." लग्नात माझं धोतर सुटलं होतं ते सांगून हसली. मला ते हसणं नको होतं. मला गाडी हवी होती. ती बोलत असायची आणि माझं लक्ष रस्त्यावर असायचं.

महिना भरायच्या आत गेली. सकाळी, घरातच.

तेरावं झाल्यावर मी मिस्त्रीकडे भांडायला गेलो. गाडी मागच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती. त्यानं ताडपत्री काढली, चावी माझ्या हातात दिली. पहिल्याच चावीला सुरू झाली.

"कधी झाली?"

"चौथ्या दिवशी."

मी त्याची कॉलर धरली. तो सोडवायला गेला नाही.

"वहिनीच खारं पाणी घालत होत्या," तो म्हणाला. "मागच्या खाजणातून, तांब्या तांब्या करून. मला म्हणाल्या, भाऊ, मला आता तिकडं जायचं नाय. घरात मरायचंय. पण ह्यांच्या तोंडाकडं बघून नाय म्हणता येत नाय. गाडीला म्हणू द्या."

मी त्याच्या थोबाडीत मारली. तो उभाच राहिला. म्हणाला, "अजून मार. पण मी काय करायला हवं होतं ते सांग."

गाडी तिथंच भंगारवाल्याला दिली. परत त्या रस्त्यानं गेलो नाही. बाजारात तो समोरून दिसला की मी गल्लीत शिरायचो. दोनदा त्यानं हाक मारली. मी ऐकली आणि चालत राहिलो.

तुम्ही म्हणाल, शेक पुरा झाला असता तर बाई वाचली असती. मीही तेच म्हणायचो. डॉक्टरनं तसं कधीच सांगितलं नव्हतं. ती मला तोंडानं बोलली असती तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. उचलून गाडीत घातली असती. ती रडली असती तरी गाडी चालवली असती. पुढचा रस्ता बघत. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

एवढंच त्याला सांगायचं म्हणून सकाळच्या एसटीनं पेणला गेलो. गॅरेजला कुलूप होतं. शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता. मान वर न करता म्हणाला,

"काका, तुम्हाला कोणी कळवलं नाय? मिस्त्री गेले. चाळिसाव्याचा फातिहा पण झाला."

त्यानं बाकडं पुढं सरकवलं. मी बसलो. आमच्या गावची एसटी आली, गेली. तिच्यामागची दुसरीही गेली.