मागच्या चाकाचा सूर

दत्तात्रेयकाकांनी अंगणातल्या चुलीवर तवा ठेवून वाळू भाजायला घेतली, तेव्हा कोकिळाकाकू पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"शेंगदाणे भाजतात, रवा भाजतात. वाळू भाजणारा माणूस बेचाळीस वर्षांच्या संसारात आज पाहिला."

"ओलसर राहिली तर तापवताना नळी फुटेल."

"आणि माझा तवा फुटला तर?"

वाळू कोरडी झाल्यावर काकांनी ती लोखंडी नळीत ठासून भरली, दोन्ही टोकं लाकडी खुंट्यांनी बंद केली आणि भात्यावर तापवत तापवत नळीला हवा तसा बाक दिला. आत वाळू असली की नळी वाकते, पण चेपत नाही. रोह्याजवळच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. पंप आणि पाइप त्यांच्या हातातले. सायकल मात्र त्यांनी आयुष्यात कधी बांधली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत दिवेआगरच्या किनाऱ्यावर त्यांनी एका पर्यटकाची सायकल पाहिली होती. लांबलचक, ठेंगणी, रुंद टायरांची, हँडल मागे वळून छातीपर्यंत आलेलं. क्रूझर म्हणतात तिला. तिच्यावर माणूस पाठ ताठ ठेवून आरामखुर्चीत बसावं तसा बसतो, थांबला की दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात. काका तिच्या मागे मागे पाव मैल चालत गेले आणि घरी येऊन म्हणाले, "अशी एक करायची." काकूंनी लगेच होकार दिला. कित्येक महिने त्या याच्याच शोधात होत्या, की या माणसाच्या हातांना काहीतरी काम मिळावं.

कारण काकांचे हात रिकामे झाले होते. अडतीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी ते देवळातल्या भजनाला पखवाज वाजवत. मागच्या माघात एकदा भजन रंगात आलेलं असताना विश्वंभरबुवांनी गाता गाताच मान वळवली आणि हळूच म्हणाले, "दत्तोबा, पखवाज उतरलाय." समुद्राकाठच्या दमट हवेत पखवाजाचा सूर उतरतो, त्यात नवल नाही. पण काकांना ते ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांना कळलं आणि आपल्याला कळलं नाही, एवढंच ते घरी येऊन म्हणाले. पखवाज खोळीत गेला. काकूंनीही अलीकडे पाहिलं होतं, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी यांना दोनच ऐकू येतात. कान तपासून घ्या म्हटलं की काका वाडीत सुपाऱ्या बघायला जात. कान गेला असेल तर ते त्यांना कागदावर वाचायचं नव्हतं.

तेव्हापासून ते जेवणाचं टेबल वाजवत, फ्रिज वाजवत, एसटीची वाट बघताना थांब्याचा पत्रा वाजवत. देवळात मोबाइलमधला ताल लागत होता. बुवा भेटले की सांगायचे, "उतरत नाही हो तो कधी. फक्त ऐन अभंगात कर्जवाल्या बाईचा फोन येतो."

सायकल हळूहळू आकाराला आली. जुनी फ्रेम मुरुडहून आणली, आगरदांड्याच्या बोटीतून दिघीला उतरवली. मधला दांडा कापून वाकवलेली नळी जोडली, पुढचं चाक धरणारा चिमटा थोडा तिरका केला. सायकल इतकी लांब झाली की एक साखळी पुरेना, दीड साखळी जोडावी लागली. सुपाऱ्या वाळत घातलेल्या खळ्याच्या कडेला ती उलटी उभी असायची आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काका, ही घोडी की होडी?"

मग चाकं. रिंग, हब आणि छत्तीस तारा सुट्या आणून काकांनी त्या स्वतः ओवल्या. तारा कमीजास्त ओढून चाक सरळ करतात, त्याला दुकानवाले आऊट काढणं म्हणतात. ते डोळ्यांनी बघून करतात. काकांनी ते कानाने केलं. नखाने तार छेडायची, शेजारची छेडायची, दोन्ही एका सुरात येईपर्यंत चावी फिरवायची आणि पुढे सरकायचं. पखवाज सुरात आणताना त्याचे लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकत गोल फिरावं, तसं. पुढचं चाक असं लागलं की फिरवल्यावर ते फिरतंय हे कळेना. काकूंनी पाहिलं, काका त्या दिवशी खुशीत दोनदा चहा प्यायले.

मागचं चाकही त्यांनी तसंच लावलं. एक अख्खी दुपार गेली. चाक बसवून फिरवलं तर ते डाव्या चिमट्याला घासू लागलं. काकांनी सगळ्या तारा सैल करून पुन्हा पहिल्यापासून सूर लावला. पुन्हा घासलं. तिसऱ्या दिवशीही घासलं, तेव्हा त्यांनी चावी खिशात टाकली, चाक भिंतीला टेकवलं आणि हात धुतले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. मला वाटतं सूर जुळला. तो जुळलेला नसतो."

काकूंनी चाकावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "बोर्लीला जाऊन नेत्राला दाखवा. नाहीतर मी घेऊन जाते, एसटीत मांडीवर घेऊन."

नेत्रा बोर्ली पंचतनला वडलांचं सायकलचं दुकान चालवते. वडील गेल्यावर भाऊ मुंबईला गेला, पाने-चाव्या हिच्याकडे राहिल्या. तिने चाक स्टँडला लावलं, फिरवलं आणि डोळे बारीक केले.

"आऊट कुनी काढला?"

"मी. बिघडलंय, माहीत आहे."

"कोन म्हनतं बिघडलंय? ह्ये बघा, तसूभर डोलत न्हाय. फकस्त अख्खं चाक डावीकडं बसलंय." तिने एकेक तार बोटाने छेडत फेरी पूर्ण केली. "दोन्ही बाजूंच्या तारा सारख्याच ओढल्यात तुमी."

"सारख्याच लावायच्या ना?"

"पुढं सारख्या. मागं उजवीकडं साखळीचं फ्रीव्हील हाय, तिथल्या तारा उभ्या ऱ्हातात. त्या कडक ओढायच्या, डाव्या जरा नरम. न्हायतर चाक डावीकडं पळनारच."

काका चाकाकडे बघत राहिले.

"म्हणजे दोन सूर."

"सूरबीर मला ठावं न्हाय."

"पण नेत्रा, खरं सांग. सगळ्या तारा सारख्या होत्या? एकही उतरलेली नाही?"

"आता काय लिहून देऊ?" ती हसली. "पंधरा वर्सं ह्येच करत्ये, छत्तीसच्या छत्तीस अशा सारख्या मला जमायच्या न्हाईत. कशानं केलंत?"

"कानाने," काका म्हणाले आणि चाकाच्या तारा पुन्हा एकेक छेडत बसले. तिने चहा मागवला तो निवून गेला.

घरी येऊन त्यांनी चाक पुन्हा लावायला घेतलं. उजव्या अठरा तारा एका सुरात चढवल्या, डाव्या अठरा खालच्या सुरात एकमेकींशी जुळवल्या. त्यांना स्वतःचंच हसू येत होतं. पखवाजाचं एक तोंड चढं आणि एक खर्जातलं, हे अडतीस वर्षं ज्याच्या मांडीवर होतं, त्याला ते चाकात सुचू नये. संध्याकाळी चाक चिमट्याच्या बरोबर मधोमध फिरलं.

त्या गुरुवारी काका जेवायला बसले तेव्हा ताटाशेजारी वाटीत कणकेचा गोळा होता. खर्ज यावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतात तेवढा.

"हे काय?"

"पोळ्यांना पुरून उरली," काकू म्हणाल्या.

काकांनी संध्याकाळी पखवाज सायकलच्या मागे बांधला. काकू पायात चपला घालून तयारच होत्या.

"मागे मला बसवणार होतात ना?"

"पखवाज बसलाय."

"अडतीस वर्षं तोच बसतोय."

मग काका सायकलवर बसलेच नाहीत. ती हातात धरून दोघं देवळापर्यंत चालत गेली.

"आज मोबाइलला सुट्टी?" विश्वंभरबुवांनी विचारलं.

"सुट्टी नको. चार्जिंगला लावून ठेवा," काका म्हणाले. "आणि बुवा, उतरला तर लगेच सांगायचं."

"मागच्या वेळी सांगितलं तर वर्षभर रुसलात."

"रुसलो नव्हतो. घाबरलो होतो."

बुवांनी पेटीवर सूर धरला. दोन अभंग झाले. तिसऱ्यात, दिवेलागणीला, खाडीकडून ओलसर वारा आत आला. थोड्या वेळाने बुवांनी गाता गाता मान वळवली. काकांनी हातोडी आधीच उचलली होती.