तात्यांनी पाहिलेली ठिणगी

काल शिरवळला एका वर्कशॉपसमोरून जाताना ग्राइंडरवर जळणाऱ्या लोखंडाचा वास आला आणि माधवनगरची आमची पत्र्याची शेड आठवली. तात्या तिथले लेथवरचे जुने कारागीर. मी नुकताच इंजिनिअर होऊन वडिलांच्या धंद्यात उतरलो होतो.

पंपाच्या शाफ्टसाठी मी कडक पोलाद मागवलं होतं. आलेल्या सळईचं टोक तात्यांनी ग्राइंडरला लावलं. लांब, सरळ, नारिंगी ठिणग्या उडाल्या.

"दादा, ठिणगी फुटंना. कडक पोलादाची फुलावानी फुटती. ह्ये मऊ हाय. शाफ्ट वाकंल."

मी मालासोबत आलेलं सर्टिफिकेट पुढे केलं. "कागद बरोबर आहे तात्या. तुम्ही काम लावा."

त्यांनी लावलं. मापात एकही नग चुकला नाही.

दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडचे साहेब वाकलेले शाफ्ट घेऊन आले. "माल कुणी पारखला होता?" त्यांनी विचारलं.

"तात्यांनी," मी म्हणालो.

तात्या शेजारीच लेथ पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "व्हय. माझीच नजर चुकली," ते शांतपणे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत, आणि मीही त्यांना बोलवायला गेलो नाही.

त्यांनी मला सांभाळून घेतलं, असंच मी कितीतरी वर्षं समजत होतो. आता त्यांच्या वयाला पोचल्यावर तसं वाटत नाही. भांडायला समोरचा माणूस आपला वाटावा लागतो. मी त्यांना तेवढाही आपला उरलो नव्हतो.