हाताची घडी

आमच्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांना मी आवडत नाही. मलाही ते आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं.

ते वकील, बेळगावातल्या जुन्या घरातले. मी वडगावच्या विणकराची, मागवाल्याची पोर, घरातली पहिली बी.ए. आधी गणपतीच्या स्टेजवर नाचले, मग पिरनवाडीपासून खानापूरपर्यंत शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवले. गेल्या वर्षी या मंडळासाठी पहिलं नाटक बसवलं, वडगावातल्याच मागावरच्या बायकांना घेऊन. दिग्दर्शिका म्हणून माझं नाव लागणार, या एका अटीवर मी ते काम घेतलं होतं.

माग अमावास्येला बंद, म्हणून तालमी अमावास्येला. मागाच्या खडखडाटात शेजारणीची हाकसुद्धा ऐकू येत नाही, त्यामुळं आमच्याकडं सगळं हातांनी बोलतात. दोरा तुटला, सरक, मालक आला. हाताची घडी म्हणजे माग बंद ठेव. नाटकही मी तसंच बसवलं. मी विंगेतून हात हलवायचा, बायकांनी हलायचं.

अध्यक्ष तालमीला एकदाच आले. म्हणाले, "मॅडम, तुमची सवय काही जात नाही. नाचायचं तर स्टेजवर नाचा, विंगेत कशाला?" त्यांच्याबरोबरचे हसले.

रंगीत तालमीला गावातली बडी मंडळी बोलावलेली. अध्यक्षांनी माईक घेतला. "नृत्य" म्हणून माझं नाव सांगितलं. "आणि दिग्दर्शन, आपला सेवक!" टाळ्या पडल्या.

नाटकात एकही नाच नव्हता.

पडदा उघडला. बायकांनी विंगेकडं बघितलं. मी हाताची घडी घातली. एकजणही हलली नाही. प्रेक्षकांत कुजबूज सुरू झाली, तसे अध्यक्ष धावत विंगेत आले.

"अहो, सुरू करायला सांगा त्यांना!"

"दिग्दर्शक तुम्ही. तुम्हीच सांगा."

ते खरंच विंगेतून हातवारे करायला लागले, टिचक्या वाजवायला लागले. स्टेजवरच्या सगळ्यात थोरल्या आक्का माझ्याकडं बघून मोठ्यांदा म्हणाल्या, "काय करू गं? हे अण्णा नुस्तंच नाचालेत!"

सगळा हॉल हसला. अध्यक्षांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"नाटक उधळायचंय का तुम्हाला?"

"व्हय," मी म्हणाले. उधळलंच असतं.

ते माईककडं गेले. दिग्दर्शन म्हणून माझं नाव घेतलं, पण असं की निम्मं तोंडातच राहिलं.

"ऐकू आलं न्हाय," मी विंगेतून ओरडले. "मागाच्या आवाजात वाढलोय आम्ही. जरा मोठ्यानं सांगा."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. मग पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडं न बघता सरळ दाराबाहेर गेले. आजही समोरून आले की रस्ता बदलतात. बदलू देत.

मी घडी सोडली आणि हात वर केला.