आभाळाचा वॉश

रंग धुवायला बादलीभर पाणी मागणाऱ्या चित्रकारांबद्दल मला आजही आदर वाटत नाही. कितीही मोठा असो. मी ज्या वर्गात चित्रकला शिकले तिथं एका चित्राला एक वाटी पाणी मिळायचं, आणि ती वाटी सांडली तर त्या दिवशी पेन्सिलच चालवायची.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या होत्या, नळाला मात्र आठ-आठ दिवस थेंब नव्हता. मी कंधारकडच्या खेड्यातली. नांदेडला बी.ए. केलं, आमच्या अख्ख्या वस्तीतली पहिली पदवी. नव्या जिल्ह्यात शाळा निघतील, ड्रॉइंगच्या बाया लागतील, म्हणून लातूरला कलाशिक्षकाच्या कोर्सला बसले. बाप म्हणाला, "बी.ए. होऊन आता चित्रं काढून राहिली व्हय?" नोकरीचं सांगितल्यावर त्यानं एक वर्ष दिलं. एकच. नंतर पाहुणे बघायला येणार होते.

एका वाटीत जलरंगाचं चित्र करायचं तर रंगांना रांगेत उभं करावं लागतं. आधी पिवळा, मग गेरू, तांबडा, हिरवा, निळा आणि सगळ्यात शेवटी काळा. कुंचला धुतला की वाटीत मागच्या रंगाची घाण उतरते. फिक्याकडून गडदाकडे गेलात तर ती पुढच्या रंगात खपून जाते. उलटे गेलात की पिवळ्याचं शेण झालंच समजा. हे आमच्या पुस्तकात नव्हतं. पुस्तकात होतं की निसर्गचित्राची सुरुवात आकाशापासून करावी. कागद भिजवून, बोर्ड तिरपा धरून, निळ्याचा पातळ वॉश वरून खाली उतरवावा. लिहिणाऱ्याच्या घरी नळ असणार, दुसरं काय! आमच्या रांगेत निळ्याचा नंबर येईपर्यंत वाटीत चिखल झालेला असायचा. म्हणून आम्ही आभाळ रंगवतच नव्हतो. वरचा कागद कोरा सोडायचो. त्यात खोटंही काही नव्हतं. एप्रिलमध्ये दुपारी लातूरचं आभाळ पांढरंच असतं, मान वर करवत नाही.

वार्षिक परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. रेशमी झब्बा, खांद्याला शबनम. रिक्षातून उतरल्याबरोबर म्हणाले, "काय हा रखरखाट!" जसा काही आम्हीच करून ठेवला होता.

पेपर निसर्गचित्राचा. खिडकीबाहेरचा माळ काढायचा. मी वाळल्या गवताचा पिवळा लावला, उघड्या मातीचा गेरू लावला, बाभळींखाली जांभळट सावल्या टाकल्या. चांगलं झालं होतं चित्र. मला कळतं, मी उगाच नम्रपणा करणार नाही. परीक्षक मागं येऊन उभे राहिले.

"आकाश कुठंय?"

"हेच की, सर."

"हा तर कागद आहे."

"खिडकीतून बघा ना, सर."

त्यांनी बघितलं नाही. ह्या माणसानं त्या दिवशी एकदाही बाहेर बघितलं नाही, आणि निसर्गचित्र तपासायला आला होता! म्हणाले, "हे बघा, कोऱ्या जागेला गुण नसतात. वॉश येत नाही असं लिहीन मी. ज्यांना वॉश येत नाही त्यांना शिक्षक म्हणून पास कसं करायचं?" आणि पुढच्या बोर्डाकडे सरकले.

माझ्या वाटीत काळं पाणी होतं. स्वच्छ पाणी फक्त व्हरांड्यातल्या माठात, सगळ्यांच्या पिण्याचं. आमच्या कॉलेजात झाडलोट करणाऱ्या मावशीनं सकाळी टँकरवर भांडून, डोक्यावरून आणलेलं. ती दारातच बसून होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"ने की त्यातलं," ती म्हणाली.

"प्यायचं हाय ते, मावशी."

"हाव, ठावं हाय मला. त्या येड्याला आभाळ पायजे ना? दे त्याला आभाळ. तू नोकरीला लाग."

"दिवसभर पिणार काय मग?"

"आजच जल्मले व्हय मी लातुरात?"

मी दोन तांबे घेतले. वरचा कागद भिजवला, बाभळीचे शेंडे चुकवत निळा उतरवायला लागले. वॉशमध्ये खालच्या कडेला रंगाचा ओला काठ जिता ठेवायचा असतो, सुकला की रेघ पडते. काठ जिता राहिला. पण निळाच फाटला. टँकरचं पाणी गढूळ, म्हणून मावशी माठात तुरटी फिरवायची. त्या तुरटीनं निळ्याचे बारीक दाणे धरले आणि कागदावर रवाळ बसले. मला वाटलं, आता कंधारची गाडी.

परीक्षक परत आले, वाकले. "अरे वा! हा दाणेदार पोत मुद्दाम आणलात?"

"हो, सर."

"बघा रे सगळे! ह्याला म्हणतात हुकमत."

सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांना तुरटी माहीत होती. शेजारची मुलगी तोंडात पदर कोंबून हसत होती. एवढ्या शिकलेल्या माणसाला जे दिसलं नाही ते अख्ख्या वर्गाला दिसत होतं. मग साहेबांना तहान लागली. मावशीनं माठ तिरपा करून दाखवला. "संपत आलं, साहेब. आभाळाला लई लागलं." ते हसले. त्यांना वाटलं, अडाणी बाई काहीतरी बोलली.

मी पहिल्या वर्गात पास झाले. त्या मार्कांवर किनवटच्या बाजूला शाळेत लागले आणि पेन्शनीत जाईपर्यंत तिथंच होते. चित्र कॉलेजात फ्रेम करून लावलं. मला ते बघवत नाही. माझं खरं चित्र त्या निळ्याखाली गेलं, आणि "हो, सर" मीच म्हणाले होते, मावशीनं सांगितलं नव्हतं तसं म्हणायला.

निकालाच्या दिवशी तिला पेढे द्यायला गेले. तिनं एक तोंडात टाकला, फ्रेमकडे बोट केलं. "त्या आभाळात ढग काढले का न्हाई तू?"

"न्हाई, मावशी. नुसता निळा."

"नुसता निळा?" तिनं दुसरा पेढा उचलला. "दोन तांबे पानी घालून तेवढंच काढलं व्हय!"